ईडिपसचं चुकलं तरी काय?
ग्रीक शोकांतिकेच्या नायकाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑक्सफर्डमध्ये ग्रीक शिकवणारे प्राध्यापक ई. आर. डॉड्स यांनी एकदा परीक्षेत सोफोक्लीजच्या ‘राजा ईडिपस’वर प्रश्न घातला. उत्तरपत्रिकांमध्ये दोन ठरावीक उत्तरं पुन्हा पुन्हा सापडली. काहींच्या मते ईडिपसला त्याच्या दोषाची शिक्षा मिळाली, तर काहींच्या मते तो नियतीच्या हातातलं खेळणं होता. ही दोन्ही उत्तरं नाटकाला धरून नाहीत, हे दाखवणारा डॉड्स यांचा लेख १९६६ साली प्रसिद्ध झाला आणि गाजला. तरीही हीच उत्तरं आजही गाईडांमधून पाठ केली जातात आणि व्याख्यानांमधून ऐकू येतात. म्हणून मूळ नाटकं समोर ठेवून त्यांच्याविषयीचे मुख्य गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : नायक कसा असावा याचे नियम अ‍ॅरिस्टॉटलने केले आणि नाटककारांनी ते पाळले.

वस्तुस्थिती : घटनांचा क्रम नेमका उलटा आहे. एस्किलस इ.स.पूर्व ४५६ च्या सुमारास वारला. सोफोक्लीज आणि युरिपिडीज इ.स.पूर्व ४०६ च्या आसपास गेले. अ‍ॅरिस्टॉटलचा जन्म इ.स.पूर्व ३८४ चा. म्हणजे या तिघांपैकी एकालाही त्याचं ‘पोएटिक्स’ (काव्यशास्त्र) वाचायला मिळणं शक्य नव्हतं. आधी नाटकं झाली, मग त्यांचं निरीक्षण करून अ‍ॅरिस्टॉटलने आपली मतं मांडली. त्यातही त्याने पहिला मान दिला तो कथानकाला. पात्राचा स्वभाव त्याने दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. कोणत्या माणसाचं पतन पाहून करुणा आणि भीती जागी होते, याची चर्चा तेराव्या प्रकरणात येते आणि तीही थोडक्यात. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी ‘नायकाच्या लक्षणां’ची यादी मुख्यतः नंतरच्या टीकाकारांनी रचलेली आहे.

गैरसमज २ : प्रत्येक नायकाच्या स्वभावात एक घातक दोष असतो आणि त्यापायी त्याचा नाश होतो.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत चिवट गैरसमज. त्याच्या मुळाशी अ‍ॅरिस्टॉटलची ‘हॅमार्शिया’ ही संज्ञा आहे. तिचं भाषांतर ‘स्वभावदोष’ असं केलं जातं, पण अ‍ॅरिस्टॉटलला अभिप्रेत आहे ती हातून घडलेली चूक, बहुधा अजाणता झालेली. आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथातही त्याने दुष्टपणे केलेला अन्याय आणि अज्ञानातून झालेली चूक या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. नायकाचं पतन दुष्टपणामुळे होता कामा नये, असं तर तो तेराव्या प्रकरणात स्पष्टच म्हणतो.

आता ईडिपसची हकीकत पाहा. कॉरिंथमध्ये एका मेजवानीत एक दारुडा त्याला म्हणतो, तू तुझ्या बापाचा मुलगा नाहीस. मनात शंका शिरते म्हणून तो डेल्फीला देवाचा कौल घ्यायला जातो. तिथे त्याला ऐकायला मिळतं, की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ज्यांना तो आईबाप मानतो त्यांचं आपल्या हातून काही वाईट होऊ नये म्हणून तो कॉरिंथला पाठ फिरवतो. वाटेत तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी रथातली माणसं त्याला जबरदस्तीने बाजूला ढकलतात. तो सारथ्याला मारतो. रथातला म्हातारा त्याच्या डोक्यावर पराणी हाणतो. झटापट पेटते आणि तो म्हातारा मरतो. तो थीब्जचा राजा आणि आपला बाप आहे, हे ईडिपसला ठाऊक नाही. पुढे तो थीब्जचा राजा होतो आणि मेलेल्या राजाच्या विधवेशी, योकास्टाशी, लग्न करतो. ती आपली आई आहे, हेही त्याला ठाऊक नाही.

ईडिपस तापट आहे, हे खरं. तो टायरेसिअस या द्रष्ट्यावर भडकतो, योकास्टाचा भाऊ क्रेऑन याच्यावर नाही तो संशय घेतो. पण रागामुळे माणूस वाटेवरच्या अनोळखी माणसाला मारू शकतो. तो अनोळखी माणूस बाप निघावा, हे रागामुळे घडत नाही. शिवाय पितृहत्या आणि मातेशी विवाह या दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी घडून गेलेल्या आहेत. रंगमंचावरचा त्याचा संताप त्यांना कारण कसा होईल?

मुळात ‘करावे तसे भरावे’ हा न्याय इथे लावला की शोकांतिकेचा प्राणच जातो. करुणा वाटते ती वाट्याला नाहक दुःख आलेल्या माणसाविषयी, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. ईडिपसला योग्य तीच शिक्षा झाली असेल, तर आपण हळहळायचं कशासाठी?

गैरसमज ३ : ‘ह्यूब्रिस’ म्हणजे देवांपुढचा गर्व, आणि तेच प्रत्येक पतनाचं कारण.

वस्तुस्थिती : अथेन्समध्ये ‘ह्यूब्रिस’ हा कायद्याने गुन्हा होता. दुसऱ्याला मारहाण करून किंवा छळून त्याची मानहानी करणं, आणि त्यात सुख मानणं, असा त्याचा रोखठोक अर्थ. इ.स.पूर्व चौथ्या शतकात मीडिअस नावाच्या धनिकाने वक्ता डेमॉस्थेनिसला डायोनिससच्या नाट्यगृहात, ऐन उत्सवात, सगळ्यांदेखत ठोसा मारला. त्याविरुद्ध डेमॉस्थेनिसने लिहिलेलं भाषण आज उपलब्ध आहे आणि त्याचा सगळा भर ‘ह्यूब्रिस’वर आहे.

नाटकांत गर्वाचा विषय येत नाही, असं मात्र नाही. एस्किलसच्या ‘पर्शियन्स’मध्ये समुद्रावर पूल बांधणाऱ्या झर्क्सिसला त्याच्या मृत बापाचं भूत दोष देतं. सोफोक्लीजचा एजॅक्स देवांच्या मदतीची मला गरज नाही, अशी बढाई मारतो. पण ही चावी सगळ्या कुलपांना लागत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही ‘पोएटिक्स’मध्ये नायकाच्या पतनाचं कारण म्हणून ‘ह्यूब्रिस’चा उल्लेख केलेला नाही.

गैरसमज ४ : सगळं विधिलिखित असतं, नायकाच्या हाती काहीच नसतं.

वस्तुस्थिती : डेल्फीच्या कौलात दोनच गोष्टी होत्या : पितृहत्या आणि मातेशी विवाह. ईडिपसने सत्य खणून काढावं, असं त्यात कुठेही नव्हतं. तो शोध त्याचा स्वतःचा आहे. थीब्ज नगरीत रोगाची साथ पसरली आहे, प्रजा मरते आहे, म्हणून जुन्या राजाच्या खुन्याचा तपास तो हाती घेतो. थांबण्याची संधी त्याला वारंवार मिळते. टायरेसिअस सांगतो, मला घरी जाऊ दे. योकास्टाला सत्य उमगतं तेव्हा ती काकुळतीला येऊन विनवते, की चौकशी पुरे कर. शेवटी म्हातारा मेंढपाळ कळवळतो, की आता भयंकर तेच सांगायची वेळ आली आहे. ते ऐकणं आपल्यालाही तितकंच भयंकर आहे, हे ईडिपस जाणतो आणि तरीही ऐकायचं ठरवतो.

मग योकास्टाच्या वस्त्राच्या पिनांनी तो आपले डोळे फोडतो. ही यातना अपोलोने आणली, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच, अशी कबुली तो देतो. देवाची करणी आणि माणसाची कृती त्याच्या बोलण्यात शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीमुळे दुसरी रद्द होत नाही.

गैरसमज ५ : नायक म्हणजे राजा, आणि शेवट म्हणजे त्याचा मृत्यू.

वस्तुस्थिती : पूर्ण स्वरूपात हाती आलेल्या ग्रीक शोकांतिका तिसाहून थोड्याच जास्त आहेत, पण तेवढ्यांतही हा साचा टिकत नाही. अँटिगनी, इलेक्ट्रा, हेक्युबा, मीडिया या स्त्रिया नाटकांच्या केंद्रस्थानी आहेत, जरी त्यांच्या भूमिका मुखवटे घालून पुरुषच करत. ‘राजा ईडिपस’च्या शेवटी ईडिपस जिवंत असतो. ‘अँटिगनी’त क्रेऑन बायको आणि मुलगा गमावून मागे उरतो. इ.स.पूर्व ४३१ मधल्या ‘मीडिया’त मीडिया पोटची मुलं मारते, तेही आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीव ठेवून, आणि सूर्याच्या रथातून निसटून जाते. तिला ‘हॅमार्शिया’चं माप बसवणं कठीण आहे. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी खटला आणि समेटावर संपते. सोफोक्लीजच्या ‘फिलॉक्टेटिस’चा शेवटही मृत्यूने होत नाही.

तर मग शोकांतिकेचा नायक कशामुळे घडतो? तो आपल्यापेक्षा मोठा असला तरी आपल्याच जातकुळीचा असतो. बहुतेक वेळा रक्ताच्या किंवा जिव्हाळ्याच्या नात्यात त्याच्या हातून काहीतरी भीषण घडतं किंवा घडू पाहतं. ते करताना त्याला सगळं माहीत असतंच असं नाही, पण केलेल्या गोष्टीचा भार तो दुसऱ्यावर ढकलून मोकळा होऊ शकत नाही. म्हणून नाटक वाचताना ‘याच्यात दोष कोणता?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि याला काय ठाऊक होतं, केव्हा कळलं आणि कळल्यावर याने काय केलं, हे विचारावं.

मराठी वाचकाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणलं आहे आणि विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र. आधी नाटक वाचा, मग शास्त्र. गाईड उघडायची गरज बहुधा पडणार नाही.