भाव बदलला? त्याच दिवशी लिहा!

मंडळी, हिशेबात दोन भाव वेगळे ठेवा: हातात पडलेला आणि त्या दिवशीचा बाजारभाव.

कॉम्प्युटरवर साध्या मजकुराच्या फाइलीत हिशेब ठेवणारे ‘लेजर’ आणि ‘एचलेजर’ हे मोफत प्रोग्राम आहेत. त्यात विक्रीच्या नोंदीत ‘@’ लावून मिळालेला भाव लिहितात. खलाशांचा वाटा काढायचा तो यावरून. बाजारभावाची ओळ वेगळी: आधी इंग्रजी ‘पी’ अक्षर, मग तारीख, मालाचं नाव आणि भाव.

शिल्लक मालाची किंमत काढताना प्रोग्राम त्या तारखेपर्यंतचा शेवटचा लिहिलेला भाव धरतो. समजा, बंदीच्या दिवसांसाठी १०० किलो सुका बांगडा घरात ठेवलाय. मे महिन्यात किलोला २०० रुपये लिहिले, म्हणजे माल २०,००० चा. जूनमध्ये भाव २५० झाला, पण कोणी लिहिलाच नाही. मग हिशेब २०,००० च दाखवत राहणार. व्यापाऱ्याने २२,००० सांगितले की आपण खूश. खरं तर ३,००० गेले!

किलोचा भाव किलोतच लिहा, क्रेटचा त्यात मिसळू नका. आणि जुनी ओळ पुसू नका, खाली नवी लिहा. वाट्याच्या वेळी ‘तेव्हा भाव काय होता?’ असं कोणी विचारलं, तर तारखेसकट दाखवता येईल.