मालाचा जन्मदाखला

अंधेरीच्या सहार विमानतळावर परदेशी पेटी उतरली की कस्टमचा पहिला सवाल असतो: माल कोठे बनला? सवलतीचा करार असलेल्या देशात बनला असेल तर जकात कमी किंवा माफ, एरवी पुरी. म्हणून मालाबरोबर त्याचा जन्मदाखला लागतो. कागदी दाखल्याचा शिक्का पुसट निघाला, सही जुळली नाही, की पेटीवर गोदामाचे भाडे चढू लागते. त्यावर तोड अशी, की एका देशाच्या यंत्राने दाखला सरळ दुसऱ्या देशाच्या कस्टमच्या यंत्राला धाडावा. १ जानेवारी २०१८ पासून इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाम या शेजाऱ्यांनी आपसात हे सुरू केले.

युनियनच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील. श्रोतेहो, दाखला अस्सल कचेरीतून आला, एवढेच यंत्र सांगते. आतला मजकूर खरा की खोटा, हे नाही. श्रीलंकेशी आपला करार २००० साली अमलात आला. किमान ३५ टक्के मूल्यवाढ तेथे व्हावी, ही त्यातली सर्वसाधारण अट. पुढे बाहेरचे पामतेल तेथे नेऊन त्याचे वनस्पती तूप बिनजकात इकडे येऊ लागले, आणि आपल्या वनस्पती कारखान्यांनी ओरड केली. कारखाना थंडावला की आधी बदली कामगार घरी बसतो!

२१ सप्टेंबर २०२० पासून आयातदाराने मालाच्या घडणीची माहिती जवळ बाळगलीच पाहिजे. शंका राहिली तर कस्टम दाखला देणाऱ्या देशाकडे पडताळणी मागते. करारात मुदत नसेल तर उत्तरास ६० दिवस. दाखला क्षणात येतो, खुलाशाला दोन महिने. युनियनांनी बोट ठेवावे ते येथे.