तेरा आजारी, बारा राज्यं

लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली तर कारण शोधायला फार डोकं लागत नाही. दुपारी जेवलेली माणसं रात्री एकाच ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावून पडलेली असतात आणि मधुमेहामुळे बासुंदीला हात न लावलेले एखादे काका तेवढे ठणठणीत फिरत असतात. झालं, बासुंदी!

आता हे बघा. नोव्हेंबर २००८, अमेरिका. बारा राज्यांत मिळून तेरा माणसांना ताप आणि जुलाब. कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी कुणाबरोबर जेवलेलं नाही. अमेरिकेत अन्नातून आजारी पडणाऱ्यांचा आकडा दर वर्षी ४ कोटी ८० लाखांच्या घरात जातो, असा तिथल्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. त्या गर्दीत हे तेरा जण म्हणजे किस झाड की पत्ती! तरीही १० नोव्हेंबरला सीडीसीच्या लक्षात आलं, की हे तेराही जण एकाच पंगतीला जेवलेत. फक्त ती पंगत हजारो किलोमीटर पसरलेली होती.

कसं कळलं?

रुग्णांना काही विचारण्याआधी त्यांच्या पोटातल्या जंतूंना विचारलं गेलं. साल्मोनेला हा जिवाणू वाढतो तो दुभंगून. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि प्रत्येक वेळी सुमारे ४८ लाख अक्षरांचा डीएनए जवळपास जसाच्या तसा उतरवला जातो. म्हणजे एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यात एक वंश रुजला आणि त्याची पिल्लावळ बारा राज्यांत पोचली, तरी सगळ्यांच्या अंगावर लिहिलेलं सारखंच असणार. प्रश्न एवढाच, की ते वाचायचं कसं?

त्या काळी सगळा मजकूर वाचणं परवडण्याजोगं नव्हतं. म्हणून एक भन्नाट आडमार्ग वापरात होता. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातून जंतू वाढवायचे आणि ते अगारच्या घट्ट वडीत कोंडायचे. वडीत कशाला? डीएनएचा धागा इतका लांब, की नुसता ढवळला तरी तुटतो! मग त्या वडीतच एक विकर सोडायचं. ते टीसीटीएजीए ही सहा अक्षरं जिथे ओळीने येतील, तिथेच कापतं, इतरत्र नाही. जे तुकडे पडतात ते जेलमधून विजेच्या ओढीने पळवायचे. एकाच दिशेने ओढलं तर मोठे तुकडे एकमेकांपासून सुटे होत नाहीत, म्हणून विजेची दिशा सतत बदलत राहायची. श्वार्ट्झ आणि कँटर यांनी १९८४ मध्ये दाखवलेली ही युक्ती. लहान तुकडे पुढे, मोठे मागे, आणि शेवटी दिसते आडव्या रेघांची एक रांग. तोच त्या वंशाचा ठसा.

पण मला विचाराल तर खरी करामत विकरात नाही की विजेत नाही. ती आहे शिस्तीत. टेक्सासमधल्या रेघा मिनेसोटातल्या रेघांशी ताडून बघायच्या, तर दोन्हीकडे वडी तशीच हवी, विकर तेच हवं, वीज तितकीच हवी. हा धडा १९९३ मध्ये चार मुलांच्या मृत्यूने दिला. नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ पसरला आणि चार राज्यांत सातशेहून जास्त लोक आजारी पडले. रुग्णांमधल्या आणि मांसातल्या जंतूंचे ठसे जुळले खरे, पण ते ताडून बघणारं कायमचं जाळं देशात नव्हतं. ते १९९६ मध्ये पल्सनेट या नावाने उभं राहिलं. सुरुवातीला सीडीसीच्या जोडीला राज्यांच्या जेमतेम चार प्रयोगशाळा होत्या. आज देशभरात ८० हून अधिक आहेत आणि सगळ्या एकाच पोथीबरहुकूम काम करतात. सरकारी कारभारात इतका सारखेपणा? मला तर तो डीएनएपेक्षाही अद्भुत वाटतो.

तर ते तेरा जण. ठसा जुळला, पण ठशावर पदार्थाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं! मग सुरू झाली जुन्या पद्धतीची विचारपूस : गेल्या आठवड्यात काय काय खाल्लंत? (परवा रात्री काय जेवलात, ते तुम्हाला तरी आठवतंय का?) वाट दाखवली मिनेसोटातल्या वृद्धाश्रमांसारख्या संस्थांनी. तिथले लोक मिळेल ते एकाच स्वयंपाकघरातलं खातात. त्या स्वयंपाकघरांमध्ये एकाच प्रकारचा पीनट बटरचा मोठा डबा निघाला आणि डब्यात तोच साल्मोनेला. पण तो डबा उघडलेला होता. कुणाच्या हातून जंतू आत गेला नसेल कशावरून? मग कनेटिकटमध्ये एका सीलबंद डब्यातही तोच सापडला आणि शंकेला जागा उरली नाही. माग जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली इथल्या कारखान्यापर्यंत गेला.

पण शेंगदाण्याच्या कोरड्या, तेलकट लगद्यात जंतू जगतो कसा? तो वाढत नाही, नुसता तग धरून राहतो. पाणी नाही म्हणून निपचित पडायचं, भोवतालच्या तेलाचा आसरा घ्यायचा आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. शिवाय अशा कोरड्या अवस्थेत त्याला उष्णतेने मारणंही जास्त अवघड जातं. हा लगदा बिस्किटांपासून आइस्क्रीमपर्यंत कुठे कुठे पोचला होता! जवळपास चार हजार प्रकारची उत्पादनं परत मागवावी लागली. तोवर ४६ राज्यांत ७१४ रुग्णांची नोंद झाली होती आणि नऊ जण दगावले होते. नोंद झालेले, बरं का. सीडीसीच्या हिशेबाने साल्मोनेलाच्या एका नोंदलेल्या रुग्णामागे सुमारे २९ जण नोंदीविनाच राहतात. माल दूषित आहे हे ठाऊक असूनही तो विकल्याबद्दल कंपनीच्या मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली.

ही झाली दूर पसरलेली पंगत. आणि वर्षानुवर्षं चाललेली पंगत?

लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि कधी कधी खाल्ल्यानंतर दोन महिन्यांनी आजार देतो. २०१५ च्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनात नेहमीच्या तपासणीत ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीममध्ये तो सापडला. ठसा नोंदीत टाकला आणि कॅन्ससमधल्या एकाच रुग्णालयातले रुग्ण समोर आले. ते दाखल झाले होते भलत्याच आजारांसाठी. संसर्ग झालेल्या पाचांपैकी ज्या चौघांच्या खाण्याची माहिती मिळाली, त्या चौघांनीही तिथे ब्लू बेलच्या आइस्क्रीमचा मिल्कशेक घेतला होता. नोंदी आणखी मागे चाळल्या, तर २०१० पर्यंतचे रुग्ण जुळत गेले! इथे कमाल बघा : आधी अपराधी सापडला आणि मग आपल्यावर अपराध झालाय हे कळलं. चार राज्यांत पाच वर्षांमध्ये मिळून रुग्ण अवघे दहा, त्यातले कॅन्ससमधले तिघे दगावलेले. त्या एप्रिलमध्ये कंपनीने आपला सगळाच्या सगळा माल परत मागवला.

तोपर्यंत वाचणंही सुधारलं होतं. लिस्टेरियाची सुमारे ३० लाख अक्षरं २०१३ पासून अथपासून इतिपर्यंत वाचली जाऊ लागली होती आणि २०१९ मध्ये पल्सनेटने रेघांचा जुना मार्ग सोडून सगळीकडे हीच रीत धरली. आता दोन जंतूंमध्ये किती अक्षरांचा फरक आहे, हे मोजता येतं. फरक थोडका, तर नातं जवळचं.

गंमत म्हणजे नवी अडचण आली ती प्रगतीमुळेच. दवाखान्यांत झटपट चाचण्या आल्या. तासा-दोन तासांत उत्तर मिळतं, रुग्णाला लवकर औषध मिळतं, छानच. पण या चाचणीत जंतू वाढवावाच लागत नाही. आणि जंतू हातात नाही, तर वाचायचं काय? म्हणून सार्वजनिक प्रयोगशाळांना त्याच नमुन्यातून तो पुन्हा वाढवत बसावं लागतं. आता संशोधकांची धडपड चालली आहे ती ही पायरीच गाळून शौचाच्या नमुन्यातून थेट अक्षरं वाचण्याची. एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटींच्या आसपास जिवाणू, त्यांच्या शेकडो जाती, सगळ्यांचा मजकूर एकमेकांत मिसळलेला, आणि त्यातून नेमकी एका साल्मोनेलाची ४८ लाख अक्षरं वेचून काढायची.