तण काढा, बेडूक-गांडुळं राखा

लव्हाळा : वरची पात उपटली तरी जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत वाफा खणून गाठी वेचा आणि कडक उन्हात वाळवा. ओल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. लव्हाळ्याला सावली मानवत नाही, म्हणून मोकळ्या जागी रताळ्याचे वेल दाट पसरू द्या.

हरळी : कुदळीने तुकडे झाले की पेरापेरातून नवं रोप उगवतं. माती ओलसर असताना खुरप्याने सैल करून दोर अखंड ओढा. मग पुठ्ठा अंथरून त्यावर चार बोटं पालापाचोळा घाला. झाडाचा बुंधा मात्र मोकळा ठेवा.

गाजरगवत : फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. एक रोप हजारो बिया टाकतं. पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. १९८४ मध्ये भारतात सोडलेले हे मेक्सिकन भुंगे मुख्यतः याच तणावर जगतात. शेजारी टाकळा वाढू दिल्यास गाजरगवत दबतं आणि टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्याही पोसतात.

हे टाळा : मीठ मातीत साचून गांडुळांच्या जिवावर उठतं. तणनाशक पावसाबरोबर डबक्यात उतरतं आणि बेडूक ते ओलसर त्वचेतून शोषून घेतो. सुकलं गवत पेटवलं, तर त्यात दडलेले सरडे आणि किडे होरपळतात.

हे राहू द्या : कोपऱ्यातली आंबोशी. एका चिमुकल्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः तिचीच पानं खातात.