एजंटशी ठरलेलं मोडताना

शेंद्रा एमआयडीसीमुळे करमाडला भाड्याच्या खोल्यांना मागणी असते. आम्हीही आमच्या दोन खोल्यांचं काम एका एजंटला सांगितलं, टोकन घ्यायची मुभाही दिली. पुढे ओळखीतला भाडेकरू मिळाला. आम्ही मनातल्या मनात एजंटचं काम संपवलं आणि गप्प बसलो. त्यानं तिकडे एका कामगाराकडून टोकन घेतलं! चूक कुणाची? आमचीच.

१८७२चा भारतीय करार कायदा काय सांगतो पाहा. एजंटला दिलेला अधिकार आपण काढून घेऊ शकतो (कलम २०१). पण तो संपतो एजंटला कळेल तेव्हा. तिसऱ्या माणसापुरता, त्या माणसाला कळेल तेव्हा (कलम २०८). वाजवी पूर्वसूचना दिली नाही, तर होणारं नुकसान आपण भरून द्यायचं (कलम २०६). ठरलेली मुदत सबळ कारणाशिवाय मोडली, तरीही भरपाई आलीच (कलम २०५). आणि झालेल्या कामाची दलाली बुडवता येत नाही.

तेव्हा तारीख घालून लेखी कळवा, चावी परत घ्या, जाहिरात काढायला सांगा. शब्द आपण बोलून दिला होता. तो मनातल्या मनात परत कसा घेता येईल?