दोन टोकांचे आम्ल

सुरतच्या पूर्वेला, लिंबायत आणि डिंडोलीला लागून असलेल्या गोडादऱ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कुणी लूमवर, कुणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये; कापडाशी संबंध नसलेले घर इथे सापडणे अवघड. अशा वस्तीत ‘ॲसिड’ म्हटले की अंग जाळणारे, श्वास कोंडणारे काहीतरी, असाच अर्थ घेतला जातो, आणि त्याला कारणही आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले, विषारी वायू पसरला आणि सहा कामगार दगावले. ही भीती खोटी ठरवण्याचा या लेखाचा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की नावाला चिकटलेली भीती कुणाचेही रक्षण करत नाही. पदार्थाची रचना कशी आहे आणि तो कोणत्या वाटेने तयार झाला, या दोन गोष्टी कळल्याशिवाय तो कुठे निरुपद्रवी आणि कुठे घातक हे ठरवता येत नाही. नायलॉनच्या जन्माशी ज्याचे नाव जोडलेले आहे ते ॲडिपिक ॲसिड याचे उत्तम उदाहरण आहे.

आधी व्हिनेगरमधले ॲसेटिक ॲसिड पाहू. त्याच्या रेणूला आम्लगुण देणारा एकच कार्बॉक्सिल गट असतो. ॲडिपिक ॲसिडच्या रेणूत असे दोन गट आहेत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि मध्ये चार कार्बनची सरळ साखळी. एकूण सहा कार्बन, दहा हायड्रोजन, चार ऑक्सिजन, रेणुभार १४६. चरबीचे नायट्रिक ॲसिडने ऑक्सिडीकरण करताना ते प्रथम हाती लागले, म्हणून चरबीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. दिसायला ते पांढरे, स्फटिकमय पावडरसारखे असते आणि १५२ अंश सेल्सिअसला वितळते. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात ते जेमतेम २४ ग्रॅम विरघळते. उकळत्या पाण्यात मात्र लिटरला दीड किलोहून जास्त मावते. गरम द्रावण थंड होऊ दिले की शुद्ध स्फटिक आपोआप खाली बसतात, आणि कारखान्यात त्याचे शुद्धीकरण सोपे होते ते यामुळेच. आता आंबटपणाचे पाहू. थंड पाण्यात मावेल तेवढे घातले तरी द्रावणाचा पीएच २.७ च्या आसपास राहतो. लिंबाचा रस याहून आंबट असतो. हवेतला ओलावा ते जवळजवळ शोषत नाही, म्हणून बेकिंग पावडरमध्ये आणि जेलीच्या पुड्यांत ते वापरतात; ३५५ या क्रमांकाखाली त्याला खाद्यपदार्थांत परवानगी आहे. कोरडी पावडर डोळ्यात गेली तर मात्र ती चांगलीच झोंबते आणि इजा करते, आणि तिची बारीक धूळ हवेत दाटली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणजे पोटापेक्षा डोळ्याला तिची भीती अधिक. ‘ॲसिड’ या एका शब्दावरून हे कुणालाही कळले नसते.

रेणूला दोन टोके असणे हीच त्याची खरी ओळख आहे. एका हाताचा माणूस साखळीत उभा राहिला तर साखळी त्याच्यापाशी संपते; दोन हातांचा माणूस दोन्हीकडे धरतो आणि साखळी वाढत जाते. ॲसेटिक ॲसिडपासून धागा निघत नाही आणि ॲडिपिकपासून निघतो, याचे कारण एवढे सरळ आहे. सुरतेत विणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टरच्या मुळाशी असलेले टेरेप्थॅलिक ॲसिडही दोन टोकांचेच, फक्त त्याच्या मध्ये सरळ साखळीऐवजी बेंझिनचे कडे आहे. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने २८ फेब्रुवारी १९३५ रोजी ॲडिपिक ॲसिड आणि तितक्याच कार्बनचे, दोन टोकांना अमाइन गट असलेले संयुग जोडून नायलॉन बनवले. सहा आणि सहा कार्बन, म्हणून नायलॉन ६६. कॅरोदर्स यांच्या हाती याहून वेगळ्या कार्बनसंख्येचे धागेही होते. निवड या जोडीची झाली कारण तिचे दोन्ही भाग स्वस्त बेंझिनपासून करता येत होते. पदार्थाचे भवितव्य त्याच्या गुणांइतकेच तो बनवण्याच्या वाटेने ठरते, हे तेव्हाच दिसून आले होते.

इथे गोडादऱ्यातला जाणकार वाचक अडवील की आमच्या लूमवरच्या नायलॉनमध्ये हे आम्ल आहेच कुठे? आक्षेप रास्त आहे. भारतात कापडासाठी चालतो तो बहुतेक नायलॉन ६, आणि त्यात ॲडिपिक ॲसिड नसते. १९३८ मध्ये जर्मनीत पॉल श्लाक यांनी कॅप्रोलॅक्टम या एकाच संयुगाचे कडे उघडून तो बनवला. सुरतेपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, वडोदऱ्याच्या जीएसएफसी कंपनीत हेच कॅप्रोलॅक्टम तयार होते. पण या आक्षेपानेच माझा मुद्दा पक्का होतो. नायलॉन ६ च्या साखळीतला पुन्हा पुन्हा येणारा तुकडा सहा कार्बनचा आहे, नायलॉन ६६ चा बारा कार्बनचा, आणि दुसरा पहिल्याच्या नेमका दुप्पट आहे. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांची टक्केवारी दोन्हींत तंतोतंत एकच. निव्वळ मूलद्रव्ये मोजणाऱ्या प्रयोगशाळेला हे दोन धागे वेगळे सांगता येणार नाहीत. तरीही एक २२० अंशांच्या आसपास वितळतो आणि दुसरा २६० च्या वर. फरक पडतो तो बंधांच्या दिशेचा: एकात सगळे बंध एकाच दिशेला तोंड करून, दुसऱ्यात आळीपाळीने उलटसुलट. बाजारात दोन्हींना ‘नायलॉन’ म्हणतात, आणि ते नाव इस्त्रीच्या तापमानाबद्दलही खात्रीने काही सांगू शकत नाही.

मग या आम्लाचा धोका आहे तरी कुठे? तो आहे कारखान्याच्या चिमणीत, आणि तो लहान नाही. बेंझिनपासून सायक्लोहेक्झेन, त्यातून सायक्लोहेक्झॅनॉल व सायक्लोहेक्झॅनोन यांचे मिश्रण, आणि शेवटी त्या मिश्रणावर नायट्रिक ॲसिडची क्रिया, अशी ॲडिपिक ॲसिड बनवण्याची रूढ पद्धत आहे. शेवटच्या पायरीत नायट्रस ऑक्साइड सुटतो, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात तोच हास्यवायू. आवर घातला नाही तर एक टन आम्लामागे सुमारे ३०० किलो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. म्हणजे एका टन पांढऱ्या पावडरीमागे जवळपास ८० टन कार्बन डायऑक्साइडइतका भार. वर ओझोनच्या थराचीही झीज होते. हे उघड व्हायला १९९१ साल उजाडावे लागले. थीमेन्स आणि ट्रोग्लर या अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये ते मांडले. नायलॉन बाजारात येऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. जगभर कपडे घातले गेले, टायर फिरले, आणि वापरणाऱ्या कुणाला काही जाणवले नाही, कारण इजा वापरात नव्हती.

यावर म्हटले जाईल की असल्या पदार्थाचा नादच सोडावा, सुती वापरावे. मला हे उत्तर पटत नाही, कारण दोष वाटेचा असेल तर वाट बदलता येते. नायट्रस ऑक्साइड तापवून किंवा उत्प्रेरकावरून नेऊन त्याचे साधे नायट्रोजन आणि ऑक्सिजन करता येतात. बहुतेक मोठ्या उत्पादकांनी १९९० च्या दशकात अशी यंत्रणा बसवली आणि तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक वायू नाहीसा झाला. १९९८ मध्ये जपानच्या नोयोरी यांच्या गटाने नायट्रिक ॲसिडऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हेच आम्ल करून दाखवले. अडले ते खर्चापाशी. दुसऱ्या बाजूने, नायलॉन ६ वापरतो म्हणून आपण सुटलो, असेही मानू नये. कॅप्रोलॅक्टम बनवतानाही हा वायू निघतो, टनाला सुमारे ९ किलो. प्रमाण खूप कमी आहे, शून्य नाही.

शिवाय ॲडिपिक ॲसिड गोडादऱ्यात येतच नाही असेही नाही. साडीतून नसेल, पायातून येते. अनेक चपला-बुटांचे पॉलियुरेथेनचे सोल याच आम्लाच्या एस्टरवर उभे असतात. खोक्यात दोन-चार पावसाळे पडून राहिलेल्या बुटाचा सोल पहिल्याच दिवशी भुगा होऊन गळतो, तेव्हा हवेतल्या दमटपणाने त्याच्या साखळ्या सावकाश तोडलेल्या असतात, आणि तुटलेल्या टोकांशी हेच आम्ल मोकळे होत असते. पाण्याने तुटणारा हाच बंध पुष्कळ कंपोस्टेबल पिशव्यांतही मुद्दाम ठेवलेला असतो. बुटात जो दोष, तोच पिशवीत गुण.

मिलमध्ये, गोदामात किंवा टेम्पोवर काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. पोत्यावर वा ड्रमवर नुसते ‘ॲसिड’ लिहिले असेल तर त्यावर समाधान मानू नका. प्रत्येक रसायनाला त्याची ओळख पटवणारा सीएएस क्रमांक असतो. ॲडिपिक ॲसिडचा १२४-०४-९. तो क्रमांक आणि मालासोबतची सुरक्षा माहितीपत्रिका मागा, ती मराठी, हिंदी किंवा गुजराती अशा आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत समजावून द्यायला सांगा, आणि क्रमांक नसलेला माल नाल्याजवळ रिकामा होताना दिसला तर तिथून आधी दूर व्हा आणि मग अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.