घरगुती कागदी कचरा व पुनर्चक्रीकरणाच्या मर्यादा : जळगाव व धुळे शहरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
खानदेशातील कुटुंबांत रद्दीला कचरा मानले जात नाही. वृत्तपत्रे, जुन्या वह्या व पुठ्ठे घरातच वेगळे साठवून रद्दीवाल्यास वजनावर विकले जातात. जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आल्या. रद्दीची ही व्यवस्था त्याहून कितीतरी जुनी आहे. मात्र तिच्यामुळे 'कागद वाया जात नाही' असा समज रूढ झाला आहे. या समजाच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंतूंचे आयुष्य :
कागद मुख्यतः सेल्युलोजच्या तंतूंपासून बनतो. रद्दीचा लगदा करून त्यातील शाई, गोंद व पिना काढल्या जातात. या प्रक्रियेत तंतू आखूड व कमकुवत होतात. साधारणतः ५ ते ७ आवर्तनांनंतर ते कागदनिर्मितीस निरुपयोगी ठरतात. म्हणूनच वहीच्या कागदापासून पुन्हा वहीच होईल असे नाही. बहुधा पुठ्ठा किंवा अंड्यांचे ट्रे तयार होतात. लिहिण्याच्या कागदाचा दर्जा राखण्यासाठी नवा लगदा मिसळावा लागतो.

रद्दीत न जाणारा कागद :
महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी लागू झाल्यानंतर कागदी वस्तू निर्दोष पर्याय वाटू लागल्या. परंतु चहाच्या कागदी पेल्यास आतून सामान्यतः प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पळसाच्या पत्रावळीच्या जागी आलेल्या चकचकीत कागदी पत्रावळी व लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका यांचीही तीच अडचण आहे. भजी बांधलेले वृत्तपत्र तेलकट होऊन लगद्यास अपात्र ठरते. शिवाय शाईतील घटक अन्नात उतरण्याचा धोका असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी असा वापर निषिद्ध केला आहे. ओल्या कचऱ्यात मिसळलेला स्वच्छ कागदही असाच गमावला जातो.

निष्कर्ष :
पुनर्चक्रीकरणाचे यश कारखान्याआधी स्वयंपाकघरात ठरते. कागद कोरडा व वेगळा ठेवणे ही पहिली अट होय. प्लॅस्टिकचा थर नसलेला खरकटा कागद कंपोस्टमध्ये जिरवता येतो. तथापि तंतूंचे आयुष्य मर्यादित असल्याने वापर कमी करणे हाच मूलभूत उपाय ठरतो. पाठकोरे कागद वापरण्याची जुनी सवय घरांत व महाविद्यालयांत पुन्हा रुजविणे, ही त्याची सुरुवात ठरू शकेल.